आजी, भरली!

आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी आपोआप चढावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मनात आली तेव्हा मी दाढी करत होतो आणि ऐन मध्यावर नळ कोरडा पडला होता, हे आधीच नमूद करून ठेवतो. कारण पुढे जे घडलं त्यावरून बऱ्याच जणांनी माझ्या हेतूबद्दल शंका घेतली. हेतू पूर्ण शुद्ध होता. दाढी तेवढी अर्धी होती.

नळ कोरडा पडण्याचं कारण माझी आई. आमच्या इमारतीचा पंप ती सोडते. तिला कोणी नेमलेलं नाही, पगार नाही, पद नाही. पण मीटरच्या खोलीची किल्ली तिच्या उशाशी असते आणि त्या किल्लीला हात लावायची छाती आजवर कोणाला झालेली नाही. सकाळी उठून ती खाली जाते. पंपाच्या तोंडात मगभर पाणी ओतते, त्याच्या पाठीवर दोन थापा मारते, "चल रे," म्हणते आणि बटण दाबते. मग स्टुलावर बसते. तिथून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबावंच लागतं, कारण जिना तिथेच उतरतो. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन लांबलं, या सगळ्याची पहिली नोंद त्या स्टुलापाशी होते.

टाकी भरली हे तिला कसं कळतं? तर टाकी वाहू लागली की जादा पाणी एका नळीतून थेट तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या पत्र्यावर पडतं. डॉक्टर हातातलं काम सोडतात, खिडकीतून डोकं बाहेर काढतात आणि ओरडतात, "आजी, भरली!" मग आई उठून बटण बंद करते. वर्षानुवर्षं ही व्यवस्था अशीच चाललेली आहे. तिच्यात एक आजी, एक दंतवैद्य आणि एक पत्रा एवढाच सरंजाम असून तो कधीही बिघडलेला नाही. त्या दिवशी मात्र आईचा गुडघा धरला होता, म्हणून तिला खाली जायला उशीर झाला आणि माझा एक गाल गुळगुळीत व एक फेसाळ अशा अवस्थेत मी विचार केला, की हे सगळं आपण कॉम्प्युटरवर टाकलं तर?

असा विचार येण्याला थोडं कारणही होतं. मी विम्याच्या ऑफिसात दावे तपासतो. तिथे आम्हा सगळ्यांना पायथन शिकण्याची सक्ती झाली होती. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. बाकीच्यांनी तोंड वाकडं केलं, पण मला ती आवडली. कारण घरात किंवा ऑफिसात मी सांगितलेलं कोणी ऐकतंय, हा अनुभवच मला नवा होता. त्यातून माझी मुलगी परगावी कॉम्प्युटरचंच काम करते. तिला फोन केला तर ती खूश झाली आणि तिनं मला सराव म्हणून 'पंप' नावाचा एक क्लास लिहून पाठवला.

हा क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. तो एक आराखडा असतो. त्या वस्तूपाशी काय काय आहे आणि तिला काय काय जमतं, ते त्यात लिहायचं. मुलीच्या पंपाला चालू होता येत होतं, बंद होता येत होतं, टाकी भरली का ते बघता येत होतं. आणि सगळ्यात वर एक खास भाग होता, त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. वस्तू जन्माला आली की तो पहिल्यांदा चालतो आणि तिच्या हातात शिदोरी देतो. भरल्याची खूण इथे आहे बरं का, खालची टाकी रिकामी असेल तर सुरू व्हायचं नाही, अमुक वेळेपेक्षा जास्त चालायचं नाही, वगैरे.

दुसरी गंमत म्हणजे वारसा. आपला नवा क्लास लिहायचा, त्याच्या नावापुढे कंसात जुन्या क्लासचं नाव घालायचं, की जुन्याचं सगळं नव्याला मिळतं. हे ऐकून मला अक्षरशः भरून आलं. ना वकील, ना साक्षीदार, ना भावाबहिणींच्या सह्या. नुसता कंस! माझ्यासारख्या माणसाला आयुष्यात कंसात नाव लिहून काही मिळालेलं नसतं.

मी एक छोटा कॉम्प्युटर आणला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. एक खेळण्यातला पंप आणला, पाण्याची पातळी सांगणारं एक यंत्र आणलं आणि न्हाणीघरात दोन बादल्या ठेवून प्रयोग केला. खालच्या बादलीतलं पाणी वरच्या बादलीत चढलं आणि खुणेपाशी येऊन मुकाट थांबलं. मी टाळ्या वाजवल्या. बायकोनं दारात उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "छान. पण अहो, बादली तर आपण उचलूनही ओतू शकतो."

विज्ञानाच्या वाट्याला हे नेहमीच येतं. मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि बादल्या घेऊन इमारतीच्या सभेपुढे गेलो.

आमच्या चेअरमनना सगळे त्यांच्या मागे 'ठराव' म्हणतात. ते बोलत नाहीत, मांडतात. "चहा आणावा असं मी मांडतो," इथपासून सुरुवात. बादल्यांचा प्रयोग त्यांनी फार बारकाईनं बघितला, खालच्या बादलीत बोट बुडवून पाणीच आहे याची खात्री केली आणि लगेच तीन ठराव मांडले. पहिला, पंप स्वयंचलित करावा. दुसरा, मला धन्यवाद द्यावेत. तिसरा असा, की पंप स्वयंचलित झाल्यावर 'भरली' अशी आरोळी ठोकणं आधुनिक काळाला शोभत नाही, सबब यापुढे कोणीही 'भरली' असं ओरडू नये.

"म्हणजे मीच की," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"व्यक्तीचा उल्लेख नाही," ठराव म्हणाले. "तत्त्व आहे."

डॉक्टर दुखावले. ते हात वर करून ठरावाच्या बाजूनं उभे राहिले, पण ज्या पद्धतीनं हात वर केला, त्यातच मला पुढचं दिसायला हवं होतं.

मी मोठ्या उत्साहानं घरी आलो आणि आईला म्हणालो, "आई, आता तुला खाली जायला नको. गुडघ्याला आराम. पंप आपोआप चालणार."

आई भाजी निवडत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "आपोआप?"

"आपोआप."

"मी नसले तरी?"

"तू कुठेही असलीस तरी!"

"बरं झालं," असं म्हणून तिनं हातातली भाजी खाली ठेवली, फोन उचलला आणि परगावी राहणाऱ्या माझ्या ताईला लावला. "अगं, मी येते तुझ्याकडे. हो, हो, राहायलाच. अगं पंपाची सोय झाली ना इथं."

मी तिथेच खुर्चीत बसलो. ताई कित्येक वर्षं आईला बोलावत होती. दर वेळी आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी आले तर इथं पंप कोण सोडणार?" ताई चिडायची, रडायची, मला दोष द्यायची आणि मी फोन कानापासून लांब धरून मनात म्हणायचो, पंपा, तुझे उपकार आहेत बाबा. कारण आई घरात नसण्याची मला कल्पनाच करवत नाही. सकाळी जिन्यातून तिचा आवाज आला नाही तर दिवस सुरू झालाय असं मला वाटत नाही. पंपाच्या त्या एकुलत्या एका खिळ्याला ती इथे टांगलेली होती आणि तो खिळा मी स्वतःच्या हातानं, धन्यवादाच्या ठरावासकट, उपटून काढला होता.

"अहो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही आईंची नोकरी घालवलीत."

"मी गुडघ्याचा विचार केला."

"गुडघ्याला विचारलंत. आईंना विचारलंत का?"

हे असलं बोलणं ऐकून माणूस सावध होतो. मी झालो नाही. मी सरळ वीज ऑफिसात गेलो, कारण खऱ्या पंपाला कॉम्प्युटर जोडायला तिथली परवानगी लागते. मनात एक चोरटी आशा होती की परवानगी मिळणारच नाही. ऑफिसांवर माझा विश्वास आहे.

खिडकीमागच्या कारकुनानं माझा अर्ज वाचला आणि विचारलं, "पंप चालवणार कोण?"

"कॉम्प्युटर."

"त्याचं वय?"

"नवाच आहे."

"मग नाही चालायचा. सज्ञान पाहिजे." त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "आपोआप चालणाऱ्यांत आमच्याकडे फक्त लिफ्ट आहे. लिफ्ट म्हणून टाकू?"

"टाका."

"किती माणसं?"

"पाणी चढतं हो त्यातून. माणसं नाही."

"शून्य लिहिलं तर साहेब विचारतील की मग लिफ्ट कशाला. चार लिहितो."

अशा रीतीनं आमचा पंप चार माणसांची लिफ्ट म्हणून मंजूर झाला. तेही इतक्या झटपट, की ऑफिसांवरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला. दोन दिवसांनी तपासनीस आले, मीटरच्या खोलीत वाकून पंपाकडे बराच वेळ बघत राहिले आणि "दरवाजा कुठंय?" असं विचारून, उत्तर न घेताच सही करून गेले.

मग वायरमन आला. त्यानं तारा जोडल्या आणि आईचं ते जुनं बटण काढून टाकलं. "एका पंपाला दोन मालक नकोत साहेब, भांडणं होतात," तो म्हणाला. आईनं ते बटण मागून घेतलं आणि प्रवासाच्या बॅगेत ठेवलं. ताईकडे जाण्यासाठी तिची बॅग भरून झाली होती. बॅगेत स्वेटर, औषधं आणि पंपाचं बटण. ते बघून मी नजर वायरमनच्या तारांकडे वळवली. शोधकर्त्यानं घरात भावनाविवश होऊन चालत नाही.

उद्घाटन रविवारी सकाळी ठरलं. आईची गाडी त्याच दिवशी, उद्घाटनानंतर. मुलीनं बजावलं होतं, "बाबा, मी दिलेला क्लास आहे तसा चालव. काही बदलू नकोस." पण तुम्हीच सांगा, आख्ख्या इमारतीसमोर मुलीनं लिहिलेला पंप चालवायचा आणि बापानं बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या? मलाही काही मानमरातब आहे. शिवाय वारसा होताच की! मी माझा नवा क्लास लिहायला घेतला. पायथनमध्ये नावं मराठीतही देता येतात हे मला कळलं होतं, तेव्हा क्लासचं नाव ठेवलं 'गच्चीचा_पंप', पुढे कंसात 'पंप'. झाला वारस.

आणि या वारसाला मी त्याचा स्वतःचा कन्स्ट्रक्टर दिला. का द्यायचा नाही? त्यात इमारतीचं नाव घातलं, उद्घाटनाची तारीख घातली, चेअरमनांचं नाव त्यांच्या सर्व पदांसह घातलं आणि पंप सुरू होताना सगळ्यांच्या मोबाइलवर जाणारा एक स्वागताचा संदेश घातला. संदेश लिहायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. 'सहर्ष' आणि 'सविनय' यांत निवड करणं सोपं नसतं.

चालवून बघितलं तर पडद्यावर लाल अक्षरं आली. खूण सापडत नाही, असं काहीतरी इंग्रजीत म्हणत होती. मी पुन्हा चालवलं, पुन्हा लाल. मुलीला विचारायला तोंड नव्हतं. तेवढ्यात दातांचे डॉक्टर वर्गणीची पावती घ्यायला आले आणि माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "कुठं दुखतंय?"

मी पडदा दाखवला.

"हं," डॉक्टर म्हणाले. "बधिर करता येतं का?"

येत होतं! पुस्तकात तशी सोय दिली होती. चूक आली की गप्प बस आणि पुढे चल, असं दोन ओळींत सांगता येतं. पुस्तकात खाली 'असं सहसा करू नये' असंही लिहिलं होतं, पण 'सहसा' या शब्दानं मला धीर दिला. मी त्या दोन ओळी घातल्या. लाल अक्षरं गेली. पडदा स्वच्छ, शांत.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "पेशंट शांत बसला की निम्मं काम होतं."

रविवारी सगळी इमारत खाली पार्किंगमध्ये जमली. रिबन होती. आई प्रवासाची चांगली चप्पल घालून, बॅग पायाशी ठेवून पहिल्या रांगेत बसली होती. ठरावांनी रिबन कापली, मी मोबाइलवर बोट ठेवलं आणि मीटरच्या खोलीत पंप घुरघुरला. क्षणात सगळ्यांच्या खिशात टिंगटिंग वाजलं आणि माझा स्वागताचा संदेश इमारतभर पसरला. टाळ्या झाल्या. मी आईकडे बघितलं. तीही टाळ्या वाजवत होती, मनापासून, आणि त्या टाळ्यांनी मला जेवढं वाईट वाटलं तेवढं कोणाच्या शिव्यांनी वाटलं नसतं.

मग ठराव बोलायला उभे राहिले. इमारतीचा पाया खणला त्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. ते पहिल्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत आले असतील नसतील तोच डॉक्टरांच्या पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. आधी टपटप, मग तडतड. सगळ्यांनी सवयीनं डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टर हाताची घडी घालून समोर बघत होते.

"डॉक्टर," मी कुजबुजलो, "भरली का?"

"मला बोलायची बंदी आहे," डॉक्टर म्हणाले. "ठराव क्रमांक तीन."

मी मोबाइलवर बघितलं. पंप चालू. थांबेल, खूण आली की थांबेल, म्हणून मी सगळ्यांना हातानं धीर दिला. तडतडीची धडधड झाली. नळीला झेपेना तेव्हा टाकी चारी बाजूंनी वाहायला लागली, गच्चीवर तळं झालं आणि गच्चीचं दार कोणीतरी उद्घाटनासाठी सताड उघडं ठेवलेलं असल्यामुळे पाणी जिन्यानं खाली निघालं. ते एकेक पायरी उतरत, प्रत्येक मजल्यावरची पायपुसणी आणि चपला गोळा करत आलं आणि पार्किंगमध्ये शिरलं तेव्हा त्याच्या सर्वांत पुढे ठरावांच्या घरची हिरवी सपाट चप्पल होती. ठराव भाषणात दुसऱ्या मजल्यावर होते. त्यांनी चप्पल ओळखली आणि आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न मांडता ते ओरडले, "बंद करा!"

मी मोबाइलवर 'बंद' दाबलं. पंप बंद झाला आणि लगेच पुन्हा सुरू झाला, कारण टाकी भरली असं त्याला अजून कळलंच नव्हतं. मी पुन्हा दाबलं. तो पुन्हा सुरू. प्रत्येक सुरुवातीला तो नव्यानं जन्माला येऊन इमानदारीत स्वागताचा संदेश पाठवत होता. पन्नासेक माणसं घोट्याएवढ्या पाण्यात उभी आणि सगळ्यांच्या खिशातून टिंगटिंग, 'आपले सहर्ष स्वागत आहे'. बटण शोधायला मी मीटरच्या खोलीत धावलो. बटण आईच्या बॅगेत होतं.

शेवटी आईच उठली. चांगली चप्पल हातात घेतली, पाण्यातून सावकाश चालत आली, मला बाजूला केलं आणि भिंतीवरचा फ्यूज उपटला. पंप गप्प झाला. त्या शांततेत फक्त जिन्याचा धबधबा ऐकू येत होता.

मला वाटलं, आता ती नाही जाणार. हे बघून कसली जाते! खरं सांगतो, त्या पाण्यात उभं राहून, सगळ्या इमारतीच्या नजरा अंगावर झेलत, मी मनातून आनंदलो होतो.

आईनं फ्यूज माझ्या हातात ठेवला आणि ती खो खो हसायला लागली. इतकी हसली, की तिला खुर्चीला धरावं लागलं. "इतकी वर्षं मला घोर असायचा बघ," ती म्हणाली, "मी नसले तर काय होईल, काय होईल. आता कळलं काय होतं. टाकी वाहते. एवढंच ना? चला, गाडीची वेळ झाली." आणि बॅग उचलून ती खरोखरच गेली.

त्यानंतरचे दिवस मी फारसे सांगत नाही. इमारतीनं माझ्याशी बोलणं सोडलं. जे बोलले ते सल्ला द्यायलाच. एकानं सांगितलं पोहायचा तलाव म्हणून नोंद करा, लिफ्टपेक्षा स्वस्त पडेल. चपला ओळखण्याचा कार्यक्रम पार्किंगमध्ये दोन दिवस चालला. पाण्यासाठी रोज सकाळी मला फ्यूज लावायला आणि काढायला खाली जावं लागे. स्टुलावर बसून बघितलं, पण माझ्यापाशी कोणी थांबेना.

शेवटी मी लाज सोडून मुलीला फोन केला आणि माझा क्लास पाठवला. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग ती म्हणाली, "बाबा, तू तुझा कन्स्ट्रक्टर लिहिलास."

"लिहिला. वारस आहे तो. त्याला स्वतःचं काही नको?"

"असू दे ना. पण तू तुझा लिहिलास की मूळ क्लासचा आपोआप चालत नाही. त्याला बोलवावं लागतं. पहिल्या ओळीत 'सुपर' म्हणायचं, की आधी त्याचं सगळं होतं, मग तुझं. तू बोलावलंच नाहीस. म्हणून तुझ्या पंपाला चालू होता येत होतं, बंद होता येत होतं, पण कधी बंद व्हायचं ते त्याला कोणी सांगितलंच नाही."

"कंसात नाव लिहिलं होतं मी!"

"नाव लिहिलं होतंस. विचारलं नव्हतंस." ती हसली. "आणि वर चुका गप्प करायची ती आयडिया कोणाची?"

डॉक्टरांचं नाव मी सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

मी ती एक ओळ घातली, बधिर करणाऱ्या ओळी काढल्या. पंप खुणेपाशी येऊन थांबला, अगदी बादलीतल्यासारखा. इतक्या साध्या गोष्टीनं आनंद व्हायला हवा होता. पण स्टूल रिकामं होतं आणि मला ते बघवेना. तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली. मूळ 'पंप' क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्येच, सगळ्यात वर, एक ओळ घातली. सुरू होण्याआधी पंप आईच्या मोबाइलवर 'सोडू का?' असं विचारील आणि तिकडून 'सोड' असं येईपर्यंत हलणार नाही. कुठलाही वारस असो, आधी तिला विचारायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, तांत्रिकदृष्ट्या याची काही गरज नाही." मी म्हटलं, "मला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. 'सोड. मगभर पाणी ओतलंस का?' मी धावत जाऊन ओतलं. तिसऱ्या दिवशी, 'सोड. वरच्या मजल्यावरच्यांचं ऑपरेशन झालं का?' मी वरच्या मजल्यावर जाऊन विचारून आलो. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. चौथ्या दिवशी, 'सोड. इथला पंप फार खोकतो.' मी घाबरून ताईला फोन लावला.

"अरे, काय सांगू!" ताई म्हणाली. "आमच्या इमारतीचा पंप ताब्यात घेतलाय तिनं. बॅगेतून स्वतःचं बटण आणलंय! वॉचमन तिला विचारल्याशिवाय जागचा हलत नाही. माझ्याशी बोलायला तिला वेळ नाही."

म्हणजे आता ती यायची नाही, हे मी ओळखलं. बायको म्हणाली, "अहो, असं तोंड पाडून बसू नका, त्या खूश आहेत ना?" होत्याच. तेच तर दुखत होतं.

मग एका सकाळी 'सोडू का?' गेलं आणि उत्तरच आलं नाही. टाकी रिकामी. थोड्या वेळानं इमारतीत आवाज सुरू झाले. कोणाच्या डोक्याला शाम्पू, कोणाच्या हातात घासलेलं पातेलं, ठराव तर गालांना फेस लावून टॉवेलवरच खाली आले. मला त्यांच्याबद्दल मनापासून सहानुभूती वाटली. तो फेस मी ओळखतो.

"पंप ताबडतोब सुरू करावा, असं मी मांडतो!"

"आईला विचारलंय," मी म्हणालो. "तिचं उत्तर येऊ दे."

"ती ओळ काढा!"

"नाही काढणार." एवढ्या ठामपणे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

तेवढ्यात माझ्या खिशात टिंग वाजलं. 'थांब. मी येतेय.'

मी तीनतीनदा वाचलं. सगळ्यांना वाचून दाखवलं. माझा आवाज फाटला तेव्हा ठराव फेस पुसत राहिले. पंप वाट बघत उभा, इमारत वाट बघत उभी, आणि कोपऱ्यावरून टॅक्सी वळताना सगळ्यांत आधी दिसली ती डॉक्टरांना. खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळी बंदी धाब्यावर बसवून ते ओरडले, "आजी, रिकामी!"

आई टॅक्सीतून उतरली. "ताईकडचं सगळं मार्गी लागलंय," ती म्हणाली. "त्यांचा वॉचमन शिकला. आणि तू रोज इतकी गयावया करून विचारायचास, मला काही तिकडे झोप लागेना." बॅग माझ्याकडे दिली आणि ती थेट मीटरच्या खोलीत गेली. मगभर पाणी ओतलं, पंपाच्या पाठीवर दोन थापा मारल्या, स्टुलावर बसली. मग मोबाइल काढला, चष्मा लावला आणि मी तिच्याशेजारी उभा असताना एका बोटानं टाइप केलं, 'सोड'. पंप खोकला आणि सुरू झाला.

तेव्हापासून हे असंच चाललंय. फक्त भरल्याची खूण मी गुपचूप थोडी वर सरकवून ठेवली आहे, मुलीला न सांगता. टाकी काठोकाठ भरते, दोन-चार थेंब डॉक्टरांच्या पत्र्यावर पडतात आणि ते डोकं बाहेर काढून ओरडतात, "आजी, भरली!" मग आई उठते आणि मोबाइलवर 'बस' असं टाइप करते. पंप त्याआधीच बंद झालेला असतो, पण तसं कोणी बोलत नाही.